हनुवटीखालची दोन बोटं

“पण सर, एकच स्वर दोन ठिकाणी कसा असेल?”

“दोन ठिकाणी असतो असं मी कुठं म्हटलं?”

“मग?”

“एका ठिकाणाहून निघतो. दुसरीकडं जायला.”

“आणि पोचतो?”

“पुरता पोचत नाही. वाटेतच संपतो.”

“म्हणजे धड इथला नाही, धड तिथला नाही.”

“हं.”

“असल्याला आम्ही स्वर म्हणत नाही, सर. दोष म्हणतो.”

हे बोलणारा नरहरी मुळ्ये. घनपाठी वैदिक. अख्खी संहिता तोंडपाठ, तीही एकेक शब्द पुढून मागून गुंफून म्हणायचा आणि कुठं अक्षर हलायचं नाही.

ऐकत होते ते हमीद मुजावर सर. जन्मभर त्यांनी मास्तर होऊ घातलेल्या पोरांना इंग्रजी उच्चार शिकवले. बायको गेली, नोकरी संपली, तशी घराण्याकडं चालत आलेली दर्ग्याची सेवा अंगावर घेतली. आता टेकडीवरच्या ओट्यावर बसायचे आणि मोरपिसांच्या कुंच्यानं कबरीवरची धूळ झाडायचे.

वैदिक दर्ग्यात काय करतोय, हे गावानं विचारून झालं होतं. गावाला दुसरं काम काय.

“म्हणा गुरुजी,” सर म्हणाले. “नो.”

“नो.”

काय सांगावं... असा ‘ओ’ हल्ली कानावर पडत नाही. ओळंबा धरून लावल्यासारखा. सुरुवातीला जिथं होता तिथंच शेवटी, मधे कुठं चढ नाही की उतार नाही.

“सुंदर,” सर म्हणाले. “आणि चूक.”

नरहरीनं डोळे मिटून घेतले.

चूक हा शब्द त्याला सोसत नसे. लहानपणापासून तो त्यानं दुसऱ्या मुलांच्या बाबतीतच ऐकलेला. पहिल्या दिवशी टेकडी चढून आला तेव्हा सरांना नमस्कार करायच्या आधीच म्हणाला होता, “माझ्या तोंडात दोष नाही. असलाच तर इंग्रजांच्या कानात असेल.” सर पोटभर हसले होते आणि म्हणाले होते, या उद्यापासून.

तर इंग्रजांचं हे एक भलतंच आहे. ‘नो’ म्हणताना त्यांचं तोंड ‘ओ’वर उघडतं आणि मिटता मिटता ‘उ’कडं सरकतं. ‘डे’ म्हणताना ‘ए’वरून निघतं आणि ‘इ’कडं झुकतं. आपण मराठी माणसं ‘नो’ सपाट म्हणतो, ‘डे’ही सपाट म्हणतो, आणि आपलं काही अडत नाही.

नरहरीचं अडलं होतं.

इंग्लंडात लेस्टर म्हणून शहर आहे. तिथल्या एका देवळाला वेद येणारा पुजारी हवा होता. त्यांनी नरहरीचं पठण फोनवरच ऐकलं आणि पुढचं काही न विचारता हो म्हटलं. पण तिकडं जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि ती परीक्षा माणूस घेत नाही. पुण्यात एका खोलीत नेऊन बसवतात, कानाला हेडफोन लावतात, समोर नुसता पडदा. आपण बोलायचं आणि यंत्रानं गुण द्यायचे.

वाचणं, लिहिणं, ऐकणं, सगळ्यात पास. बोलण्यात नापास. पुन्हा दिली, पुन्हा बोलण्यातच नापास. सरांचं म्हणणं असं, की नरहरीनं स्वर धरून ठेवला की यंत्राला वाटतं हा माणूस शब्दाच्या मधेच अडकून पडलाय. मग ते पुढं ऐकतच नाही.

उद्या शेवटची खेप होती. देवळाच्या मंडळींनी सरळ कळवलं होतं, यावेळी नाही जमलं तर आम्ही दुसरा माणूस बघतो.

आणि मैथिली होती.

मैथिली सोमण, चिपळूणची, बँकेत नोकरीला. नरहरीची पस्तिशी उलटून गेली तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलगा गुणी आहे हो, म्हणायचे लोक. शांत आहे, निर्व्यसनी आहे... पण भिक्षुक. आणि पत्रिका परत यायची. मैथिलीनं एकटीनं हो म्हटलं, तेही समोर बसवून, स्वच्छ सांगून. तुम्ही तिकडं जाणार असाल तर मी येईन. इथं मला नाही निभायचं. तिचं तरी काय चुकलं.

संध्याकाळी फोनवर ती म्हणायची, “नो म्हणून दाखव ना.” तो म्हणायचा. ती जरा वेळ गप्प बसायची आणि मग दुसरंच काहीतरी बोलायला लागायची.

ते गप्प बसणं नरहरीच्या उरावर होतं.

“सर, उद्या पुणं आहे.”

“माहितेय की.”

“काहीतरी सांगा. एखादी युक्ती.”

“सांगितली होती ती घरी करता का?”

“रोज करतो. सकाळची संध्या झाली की लगेच.”

युक्ती साधीच होती. हनुवटीखाली दोन बोटं ठेवायची आणि ‘नो’ म्हणायचं. स्वर सरकायला लागला की हनुवटी थोडी वर उचलली जाते. ते आधी बोटांना कळतं, आणि बोटांना कळलं की हळूहळू तोंडालाही कळतं. खेड्यापाड्यातून आलेली किती पोरं सरांनी अशी तयार केली होती.

नरहरीच्या बोटांना मात्र काही म्हणजे काही कळत नव्हतं.

सरांनी थर्मास उघडला. एक कप भरला. दुसरा कप नरहरीसमोर ठेवल्यासारखा केला आणि मागं घेतला.

“तुम्हाला चालत नाही. तुमच्या वाटचाही मीच पितो.”

नरहरी हसला नाही. एरवी हसायचा.

“इथं जीभ जड असलेली लेकरं आणतात,” सर म्हणाले. “त्या उंबऱ्यावर साखर ठेवून चाटवतात. जीभ सुटते म्हणे.”

“माझी जीभ जड नाही, सर.”

“नाही ना. असती तर साखरेवर भागलं असतं.”

वारा सुटला होता. खाली नदीकाठी कुणीतरी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज जरा उशिरानं वर येत होता.

“करून दाखवा,” सर म्हणाले. “घरी करता तसंच.”

नरहरी ताठ बसला. मांडी नीट घातली. दोन बोटं हनुवटीखाली ठेवली.

“नो... गो... रोड.”

सर एरवी डोळे मिटून ऐकायचे. आज त्यांनी मिटले नाहीत.

“पुन्हा.”

“नो.”

“पुन्हा.”

“नो.”

“बोटं काढा.”

नरहरीनं बोटं काढली. सर पुढं वाकले. गोऱ्या हनुवटीखाली शेजारी शेजारी दोन लाल वळ उठले होते.

“हे काय आहे?”

“कुठं काय?”

“गुरुजी, हनुवटी वर जाते का ते तुम्ही बघताय... की ती वर जाऊ नये म्हणून दाबून धरताय?”

नरहरीनं हात समोर धरला आणि बोटांकडं पाहिलं. ती त्याचीच होती. पण दाबतोय हे त्याला ठाऊक नव्हतं, देवाशपथ ठाऊक नव्हतं. इतके दिवस संध्या झाल्यावर आसनावर बसून तो मनापासून हेच करत होता. जी चूक काढायची तिलाच आवळून धरत होता.



“असं धरायला कुणी शिकवलं?”

“अण्णांनी.”

अण्णा म्हणजे वडील. वडील आणि गुरू, दोन्ही तेच. घरातच पाठशाळा होती. अण्णा मुलाला समोर बसवायचे आणि त्याच्या हनुवटीखाली आपली दोन बोटं लावायचे. एकदा स्वर लागला की तो संपेपर्यंत हनुवटी हलायची नाही. हलली की बोटं रुतायची. अण्णांनी कधी छडी हातात घेतली नाही. नुसती बोटं. ती पुरत असत.

बाकीची मुलं एकेक करून पळाली. कुणी आयटीआयला गेलं, कुणी मामाच्या दुकानात बसलं. पाठशाळा बंद पडली. नरहरी राहिला. तो घरचाच, पळून जाणार कुठं.

“अजून लावतात बोटं?” सरांनी विचारलं.

“अण्णा गेल्या श्रावणापासून अंथरुणावर आहेत, सर.”

“आजारी आहेत एवढं कळलं होतं.”

“अर्धांगवायू. उजवी बाजू पूर्ण गेली.”

“बोलणं?”

“तेही गेलं. शब्द म्हणून एक राहिला नाही. वेद नाही, माझं नाव नाही. नुसता आवाज करतात.”

“कसला आवाज?”

नरहरी नदीकडं बघत राहिला.

“कसला, गुरुजी?”

“सांगण्यासारखा नाही.”

“मी आयुष्यभर आवाजच ऐकलेत. करून दाखवा.”

“नाही करणार.”

“का?”

“घसरतो तो.”

...

“कुठंतरी ‘ओ’च्या आसपास सुरू होतो,” नरहरी म्हणाला, “आणि त्यांना धरवत नाही. ‘उ’कडं ओघळत जातो. सर, ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक स्वर जागचा हलू दिला नाही, त्याच्या तोंडून हे... शेजारीपाजारी ऐकतात. मला तोंड वर करवत नाही.”

त्याला लाज वाटत होती. अण्णांची वाटत होती, आणि अण्णांची लाज वाटते याचीही वाटत होती.

“मग तुम्ही काय करता?”

“जातो. हनुवटी धरतो. सांगतो, अण्णा, स्थिर. स्थिर ठेवा.”

सरांचा कप ओठांपर्यंत गेला होता तो तिथंच राहिला.

“मग?”

“मग थांबतात.”

“हनुवटी धरली की थांबतात?”

“हो.”

“की तुम्ही आलात की थांबतात?”

नरहरीनं वळून पाहिलं. सरांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. चहा निवला होता.

“तुम्ही उशाशी बसलेले असताना करतात तो आवाज?”

“नाही. मी विहिरीवर गेलो, कुणाकडं पूजेला गेलो, की सुरू. आत्या असते की जवळ. ती पाणी पाजते, पाय चेपते. तरी चालूच.”

“आणि तुम्ही आलात की बंद.”

“सांगितलं ना सर, हनुवटी धरतो म्हणून.”

सरांनी कप खाली ठेवला. खालचं धुणं आपटणं थांबलं.

“पूर्वी तुम्हाला हाक काय मारायचे?”

“नरू.”

“कशी?”

“कशी म्हणजे?”

“सगळे बाप पोराला एकसारखी हाक मारत नाहीत. त्यांची कशी होती?”

नरहरीला हे आता नकोसं झालं होतं, पण सर विचारत होते. त्यानं घसा खाकरला.

“नऽरू. पहिल्या अक्षरावर जरा थांबून. मग सोडून द्यायचे.”

“नऽरू,” सर तोंडातल्या तोंडात पुटपुटले. पुन्हा पुटपुटले, या खेपेला ‘न’ आणि ‘र’ गाळून, नुसते स्वर. मास्तर माणूस, आवाज कानात गेला की जिभेवर घोळवून बघितल्याशिवाय राहवत नसे.

इथं मात्र नरहरीचा बांध फुटला.

“याचा उद्याशी काय संबंध आहे, सर? उद्या मला त्या खोलीत बसायचंय. यंत्र काय अण्णांची हाक विचारणार आहे? तुम्हाला कळतंय का माझं काय झालंय ते? पास झालो तर अण्णा इथं मागं राहतात. नापास झालो तर मी मागं राहतो. दोन्हीकडून मी बुडालोच. एकीकडं निदान संसार तरी आहे. आणि तुम्ही मला हाका विचारत बसलाय.”



“बरोबर आहे तुमचं,” सर म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून उठले. “ऊद लावायची वेळ झाली माझी.”

आणि धुपाटणं घेऊन ते आत, कबरीच्या पलीकडं गेले.

नरहरी एकटाच राहिला. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घालून दाबले. बोटांना आता हनुवटीपाशी जाणं शक्य नव्हतं.

“नो,” तो हळूच म्हणाला.

हनुवटी हलली नाही.

“नो... नो... गो.”

नाहीच हलली. बोटं काढली तरी ती तिथंच, जशी लावून दिली होती तशी. आता मात्र त्यानं आशा सोडली. खरंच सोडली. उद्याची पुण्याची गाडी, ती खोली, तो पडदा, संध्याकाळी मैथिलीचा फोन आणि फोनवरचं ते गप्प बसणं, सगळं त्याला आत्ताच दिसत होतं. तिला आपणच मोकळं करावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. कुणीतरी बरा मुलगा मिळेल तिला. आपण अण्णांपाशी बसावं, हनुवटी धरावी, त्यांचं संपलं की आपलं संपवावं.

तो उठला. सरांचा निरोप घ्यावा असंही वाटलं नाही. कुणाशी बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. पायऱ्या उतरून खाली आला आणि वहाणा शोधायला लागला. डाव्या पायात एक सरकवली.

“नऽरू!”

वरून आली. पहिल्या अक्षरावर जरा थांबून, मग सोडून दिलेली.

“ओऽऽ...”

नरहरीच्या तोंडून गेलासुद्धा. विचार करायला वेळच कुठं होता. माळ्यावरून, विहिरीवरून, परसातून, पोरवयापासून जसा देत आला तसा दिला. आणि नुसता ‘ओ’ देऊन थांबला नाही, एका पायात वहाण तशीच असताना तो दोन पायऱ्या धावत वर चढला.

मग थांबला.

वर अण्णा नव्हते. अण्णा घरी होते, गादीवर, भिंतीकडं तोंड करून.

पण ‘ओ’ अजून कानात होता. सुरू झाला तिथं तो राहिला नव्हता. तोंड मिटता मिटता सरकत गेला होता, ‘उ’कडं, पुरता पोचला नव्हता. कुणी रोखला नव्हता त्याला. हनुवटी आपण होऊन वर आली होती.

नरहरीनं ते स्वतः ऐकलं. त्याच्या कानाला फसवणं सोपं नव्हतं.

सर दर्ग्याच्या दारात येऊन उभे राहिले. हातातल्या धुपाटण्यातून धूर येत होता.

“हा,” ते म्हणाले. “हाच.”

नरहरी पायरीवर बसला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं. मोठा माणूस रडतो तसं, आवाज न करता, खांदे हलवत.

सर दोन पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी बसले. धुपाटणं मधे ठेवलं. रडणं सरेपर्यंत दुसरीकडं बघत राहिले.

“ह्या ‘ओ’ला अण्णांनी कधी बोटं लावली नाहीत?”

“ह्याला कोण बोटं लावणार, सर. हा काय पठणातला होता का. हाक आली की जायचा.”

“म्हणा. नो.”

“नो.”

आला. सरकला आणि आला.

“गो.”

“गो.”

“रोड.”

“रोड.” तोही आला.

एखादा आनंदानं नाचला असता. नरहरी पायरीवरून हलला नाही. कारण हा सरकता आवाज त्यानं आजच ऐकला होता. निघताना ओसरीवर वहाणा घालत होता तेव्हा आतून येत होता. इतके महिने रोज येत होता, आणि रोज तो जाऊन त्याची हनुवटी धरत होता.

“सर...”

“हं.”

“हा तर घरी असतो.”

“असेल.”

“हाच मी उद्या त्या यंत्राला देऊ?”

“द्या की. यंत्राचं काय जातंय. घेईल.”

“आणि पास होऊ.”

“बहुतेक व्हाल.”

“आणि निघून जाऊ.”

“जाल.”

“मग घरात...”

पुढचं त्याला बोलवलं नाही. सरांनीही ते पुरं केलं नाही. निखाऱ्यावर फुंकर घातली, आणखी थोडा ऊद टाकला.

ऊन टेकडीवरून खाली उतरलं होतं. आता नदीचं पाणी तेवढं उजेडात होतं.

“तुम्ही इकडं आल्यापासून तो आवाज चालू असेल?” सरांनी विचारलं.

“असेल. मी निघालो की सुरू होतो.”

नरहरीचा हात नकळत हनुवटीकडं गेला. मधेच त्याच्या लक्षात आलं. त्यानं हात खाली घेतला आणि कुठं ठेवावा ते न कळून धोतराच्या सोग्यात गुंडाळला.

“आज घरी गेलात की हनुवटी धरू नका.”

“मग काय करू?”

“ओ द्या. दारातूनच द्या.”

नरहरीनं मान हलवली. आता रडायलाही काही उरलं नव्हतं, म्हणून आवाज कोरडा निघाला.

“कशाला, सर? हाक मारली असती तर दिला असता. जन्मभर दिला. आता त्यांना हाक मारता येत नाही. नुसत्या आवाजाला ‘ओ’ देत घरात शिरायचं... आत्या म्हणेल, बापापाठोपाठ हाही गेला. हाक नसताना ‘ओ’ कसा द्यायचा?”

...

सरांनी खालच्या पायरीवर पडलेली त्याची दुसरी वहाण उचलली, झटकली, आणि त्याच्या पायाशी ठेवली.

“हाक कधीच येऊन गेलीय, नरू. ‘ओ’ तेवढा राहिलाय.”